डिझेलचा फवारा आणि वैरागचा मुलूख

सन १८९७ हे साल बार्शी तालुक्याच्या इतिहासात दोन कारणांनी नोंदले गेले आहे. आदल्या वर्षीच्या अवर्षणाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला होता, आणि त्याच दुष्काळाच्या छायेत एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली, अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी बार्शी लाइट रेल्वे, त्या वेळी ‘बार्शी रोड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुर्डुवाडी स्टेशनापासून बार्शी शहरापर्यंत सुरू झाली. त्याच वर्षी, हजारो कोस दूर जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील एका यंत्रशाळेत रुडोल्फ डिझेल या अभियंत्याने अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर आपले नवे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. या दोन घटनांचा परस्परांशी काही ऋणानुबंध जुळेल हे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नसेल. परंतु रुळांनी ज्या गावांना बाजूस सारले, त्या गावांचा पुढील काळातील संसार ज्या यंत्राच्या आधाराने चालावयाचा होता, ते यंत्र आउग्सबुर्गचे होते, आणि त्या गावांपैकी वैराग हे एक होते.

बार्शीहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले हे बाजारगाव. संतनाथ हे त्याचे ग्रामदैवत. पुढे सहकाराच्या काळात येथे जो साखर कारखाना निघाला, त्यासही याच संतनाथांचे नाव देण्यात आले. भोगावतीच्या खोऱ्यातील काळी जमीन, रब्बीची ज्वारी, भरवशाचा नसणारा पाऊस आणि पूर्वेस थोड्याच अंतरावर निजामाची सरहद्द, अशी या मुलखाची जुनी ठेवण. सरहद्दीपलीकडच्या प्रदेशास येथील लोक मोगलाई म्हणत, आणि ती ओलांडून माल न्यावयाचा तर निजामाच्या करोडगिरी नाक्यावर जकात भरल्यावाचून गाडीचे चाक पुढे सरकत नसे. रेल्वे बार्शीवरून येडशीकडे व तेथून लातूरकडे गेली. वैरागचा भुसार माल मात्र बैलगाडीतूनच पेठेस जात राहिला. ज्या गावास रूळ नाहीत त्यास रस्ता हाच आधार, आणि ज्या शेतास कालवा नाही त्यास विहीर हाच आधार. या दोन्ही आधारांना विसाव्या शतकात जे बळ मिळाले ते डिझेलच्या इंजिनाने दिले. म्हणून या इंजिनाच्या अंतर्यामी वसणाऱ्या एका बोटभर वस्तूचा, जिला आपले मेस्त्री ‘नोझल’ म्हणतात आणि जिच्या संपूर्ण सांगाड्यास ‘इंजेक्टर’ हे नाव आहे, तिचा व तिच्या दुरुस्तीच्या हुन्नराचा इतिहास या मुलखाच्या इतिहासातून वेगळा काढता येत नाही.

या वस्तूचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी डिझेलच्या कल्पनेचे मर्म थोडक्यात समजून घेतले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण आधीच सिद्ध होऊन येते आणि प्लगची ठिणगी ते पेटविते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. तेथे दट्ट्या केवळ हवाच इतकी दाबतो की ती तापून लाल निखाऱ्यासारखी दाहक होते, आणि त्या तप्त हवेत अचूक क्षणी इंधनाचा फवारा सोडला म्हणजे तो आपोआप पेट घेतो. आता हा फवारा धुक्याइतका सूक्ष्म नसेल तर त्यातील थेंब अर्धवट जळून काळा धूर होणार. तो क्षणभर आधी सुटला तर इंजिन ठोका देणार, क्षणभर उशिरा सुटला तर बळ हरपणार. आणि सुटणे थांबल्यावरही जर नोझलच्या टोकाशी एखादा थेंब लोंबकळत राहिला, तर तो टोकावरच जळून काजळीची पुटे चढविणार. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर चार ठोक्यांच्या रचनेत प्रत्येक नोझलला मिनिटाला एक हजार वेळा, म्हणजे तासाला साठ हजार वेळा, हे काम बिनचूक करावयाचे असते. मनुष्याने घडविलेल्या वस्तूंपैकी इतक्या अल्प आकाराची आणि इतके कठोर व्रत पाळणारी वस्तू विरळाच.

खुद्द डिझेलला हा प्रश्न पूर्णपणे सुटला नव्हता. त्याच्या इंजिनात इंधन सिलिंडरात ढकलण्यासाठी अतिशय दाबाखालील हवेचा झोत वापरावा लागे, आणि ती हवा दाबण्याचा संच इतका अवजड असे की इंजिन कारखान्यात किंवा जहाजावर शोभे, रस्त्यावरील वाहनात त्याला जागाच नसे. हवेवाचून केवळ इंधनावरच दाब देऊन ते फवारण्याचे प्रयोग इंग्लंडमध्ये व जर्मनीत अनेकांनी केले. पण त्यास बाजारात विकता येईल असे खात्रीचे रूप दिले ते श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश याच्या कारखान्याने. १९२२ साली त्याने हे काम हाती घेतले आणि १९२७ च्या अखेरीस इंजेक्शन पंप ठोक प्रमाणावर घडवून बाहेर पाठविण्यास आरंभ केला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९३६ साली, मर्सिडीज-बेंझची २६० डी ही डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार विक्रीस आली. डिझेल स्वतः हे पाहण्यास उरला नव्हता; १९१३ साली इंग्लंडकडे जाणाऱ्या आगबोटीवरून तो रात्री नाहीसा झाला होता. त्याच्या कल्पनेला चाके लाभली ती पंपाच्या दांड्यामुळे आणि नोझलच्या सुईमुळे, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

आपल्या दक्षिण महाराष्ट्रात डिझेल प्रथम आले ते मात्र चाकांवर बसून नव्हे, तर विहिरीच्या काठावर. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने घडविण्यास आरंभ केला. औंध संस्थानातील माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगकुळातून १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि पुढील दोन-तीन दशकांत तिची पाच अश्वशक्तीची, संथपणे ठोके देणारी इंजिने दक्षिणेतील विहिरींवर घरोघरच्या जनावरांइतकी परिचित झाली. ज्या विहिरीवर बैलांची जोडी दिवसभर मोट ओढून जेवढे पाणी काढी, त्याहून कितीतरी अधिक पाणी हे इंजिन एका प्रहरात काढू लागले. वीज पोहोचावयाची होती. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापनाच १९६० सालची, आणि तारा शिवारापर्यंत येण्यास त्यापुढेही पुष्कळ वर्षे गेली. तोपर्यंत ‘इंजिन’ हा शब्द खेड्यात उच्चारला म्हणजे तो विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचाच वाचक समजला जाई.

या इंजिनाने शेतकऱ्यास एक नवी भाषा शिकविली. हँडल मारून दमल्यावरही ते सुरू झाले नाही, की जाणता मनुष्य म्हणे, ‘इंजिनाने एअर धरली.’ टाकी रिती झाल्याने इंधनाच्या नळीत हवेचे बुडबुडे शिरले, म्हणजे पंपाचा सारा दाब ती हवा दाबण्यातच खर्ची पडतो आणि नोझल उघडतच नाही. मग फिल्टरवरील स्क्रू सैल करून, बुडबुडे संपून अखंड धार येईपर्यंत इंधन वाहू देणे आणि पुन्हा स्क्रू आवळणे, हा विधी बैल जुंपण्याइतका सर्वांच्या अंगवळणी पडला. पिंपातील डिझेल घेताना पिंप हलवू नये, तळाचे इंधन टाकीत ओतू नये, ओतताना ते कापडातून गाळून घ्यावे, हेही शिक्षण या इंजिनांबरोबरच आले. ज्या प्रदेशात मापे पायली-शेराची आणि अंतरे कोसांची, तेथे केसाच्या जाडीच्या कितव्या हिश्श्यावर एखाद्या यंत्राचे चालणे अवलंबून असते, हा बोध सामान्य माणसास प्रथम या निमित्ताने झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात हेच ज्ञान विहिरीवरून रस्त्यावर आले. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार करून मालमोटारी बनविण्यास आरंभ केला, आणि सोलापूर, बार्शी, लातूर या पेठांमधील भुसार मालाची वाहतूक हळूहळू त्या मोटारींच्या स्वाधीन झाली. इंजेक्शन पंप व नोझल हे भाग आरंभी परदेशातून येत. परंतु १९५१ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने, म्हणजे जिला आपण ‘मायको’ या नावाने ओळखतो तिने, बॉशच्या विद्येवर ते देशात घडविले. पुढे तिचा एक कारखाना नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत निघाला व तेथे नोझल आणि इंजेक्टर तयार होऊ लागले. कंपनीचे नाव २००८ साली बदलून बॉश झाले, तरी नाशिककर तेथील एका चौकास अद्याप मायको सर्कलच म्हणतात. परवान्यांच्या त्या काळात आयात मालावर कडक बंदोबस्त होता आणि नवा भाग दुर्मीळ व महाग होता. तेव्हा जुना भाग साफ करून, तपासून, पुन्हा कामास लावणे ही काटकसर नव्हती, ती गरज होती, आणि त्या गरजेतून एक स्वतंत्र हुन्नर जन्मास आला.

या हुन्नराचे कारागीर कोण होते? कोणी लोहार-सुताराच्या घरातला, ज्याच्या आजाने नांगराचे फाळ शेवटले होते; कोणी मालमोटारीवर क्लीनर म्हणून राहून उस्तादाच्या हाताखाली शागीर्दी केलेला; तर कोणी १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतील औद्योगिक संस्थेतून ‘डिझेल मेकॅनिक’ म्हणून शिकून आलेला. यांच्यात कामाची एक स्वाभाविक वाटणी पडत गेली. खेड्यातील व बाजारगावातील मेस्त्री इंजेक्टर उतरवी, साफ करी, बसवी. परंतु पंपाचे कॅलिब्रेशन, म्हणजे पंपाच्या एकेका सिलिंडरला इंधन देणाऱ्या प्रत्येक भागातून ठराविक फेऱ्यांत किती इंधन निघते हे काचेच्या मापनळ्यांत मोजून सर्वांचे प्रमाण समान करणे, हे काम मोठ्या यंत्रावाचून होत नसल्याने त्यासाठी पंप उतरवून शहरगावी न्यावा लागे. गोणपाटात गुंडाळलेला पंप घेऊन ड्रायव्हर एस. टी. ने जिल्ह्याच्या गावी निघाला आहे, हे दृश्य त्या पिढीतील लोकांनी पुष्कळदा पाहिले असेल.

आता त्या कामाची रीत. हिच्यात मेस्त्रीचा कस लागे आणि ती नीट सांगितल्यावाचून या इतिहासाला अर्थ येत नाही. सकाळी गाडी सुरू होण्यास वेळ लावी, चढाला दम सोडी, धूर काळा किंवा पांढरा येई, अथवा इंजिन एका पायाने लंगडल्यासारखे चाले. तेव्हा जाणता मेस्त्री सारे इंजेक्टर उतरविण्याची घाई करीत नसे. इंजिन संथ चालू ठेवून तो एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट पान्याने किंचित सैल करी. त्याने इंधन बाहेर गळून त्या सिलिंडरचे काम थांबते. नट सैल करताच इंजिनाचा आवाज बदलला, तर तो सिलिंडर काम करीत होता असे सिद्ध झाले. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर दोष तेथेच आहे हे उघड झाले. चार रोग्यांतून आजारी कोण हे इतक्या साध्या उपायाने निश्चित करण्याची ही युक्ती कोणत्याही वैद्याच्या नाडीपरीक्षेस शोभण्यासारखी आहे.

मग तो इंजेक्टर उतरवून हातपंपाच्या टेस्टरवर चढविला जाई. गेजवर नजर ठेवून दांडा दाबावयाचा आणि सुई कोणत्या दाबाला उघडते ते पाहावयाचे. इंधन थेट सिलिंडरात न सोडता लहान पूर्वकक्षात फवारणाऱ्या जुन्या मोटारींत हा दाब बहुधा एकशे वीस ते दीडशे किलो, थेट फवारणीच्या मालमोटारींत दोनशे किलो व त्याहून अधिक. ‘किलो’ ही मेस्त्रींची बोली, तिचा अर्थ दर चौरस सेंटिमीटरला तितके वजन. दाब कमी भरला तर आतील स्प्रिंगखाली पातळ शिम घालून तो वाढवावयाचा. त्यानंतर फवारा पाहावयाचा: तो धार किंवा तुषारांचा गुच्छ नसावा, सर्व बाजूंनी सारखा, धुक्यासारखा असावा, आणि दांडा हळू दाबताना सुईने ‘टर्र’ असा नाद द्यावा. शेवटी उघडण्याच्या दाबाहून वीसएक किलो खाली दाब धरून दहा सेकंद थांबावयाचे. तेवढ्या वेळात टोक कोरडे राहिले तर सुई आपल्या बैठकीवर नीट बसते, टोकाशी थेंब जमला तर ती बसत नाही. या तपासणीत एक धोका असा की फवाऱ्याखाली हात गेला तर इंधन कातडी भेदून मांसात शिरते. वरून सुईच्या टोचणीएवढीच खूण दिसते, पण आत विष पसरते. अशा प्रसंगी घरगुती उपाय न करता तत्काळ शल्यचिकित्सक गाठावा लागतो. प्रत्येक उस्ताद आपल्या शागीर्दास पहिल्या दिवशी हीच ताकीद देत आला आहे.

साफसफाईची शिस्त तर याहून कडक. सुई आणि तिचे घर यांमधील फट दोन ते चार मायक्रॉनांची. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनांच्या आसपास जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या फटीची कल्पना येईल. ही जोडी कारखान्यात एकमेकींसाठीच घासून जुळविलेली असते, म्हणून एका घराची सुई दुसऱ्या घरात कधीही घालावयाची नाही. काजळी काढावयाची ती पितळी कुंचल्याने किंवा लाकडी काडीने, पोलादी तारेने नव्हे. चकाकणाऱ्या पृष्ठभागास कोरडे बोट लावावयाचे नाही, कारण बोटाच्या घामानेही तो गंजतो. धुतलेली सुई स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून घरात घालावयाची, घर तिरपे धरून सुई एक तृतीयांश बाहेर ओढावयाची आणि सोडावयाची. ती स्वतःच्या भाराने अडखळल्यावाचून खाली सरकली, तर ती निरोगी. आणि इंजेक्टर परत बसविताना त्याखालील तांब्याचा वायसर नेहमी नवा घालावयाचा. जुना पुन्हा वापरल्याने वाचतात ते काही पैसे, आणि बिघडते ते दाब व उष्णता यांचे सगळे गणित. ओट्यावर पसरलेले स्वच्छ कापड, रॉकेलने धुतलेले हात, ओळीने मांडलेले चार इंजेक्टर आणि ज्या सिलिंडरचा इंजेक्टर त्याच सिलिंडरात जावा म्हणून केलेल्या खुणा, या साऱ्यांत एखाद्या सोवळ्यातील पूजेचे गांभीर्य होते, आणि त्या गांभीर्याचे कारण श्रद्धा नसून मोजमाप होते.

इतक्या काळपर्यंत हा हुन्नर मालमोटारी, ट्रॅक्टर व एस. टी. यांच्या आश्रयाने जगला. कुटुंबाची मोटार मुख्यतः पेट्रोलवर चाले. १९८० च्या सुमारास अ‍ॅम्बॅसडर डिझेल इंजिनासह मिळू लागली. आरंभी पेट्रोलवर चालणारी महिंद्राची जीपही डिझेलकडे वळली, आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली, आणि १९९४ साली टाटांची सुमो आली, जिचे नाव टेल्कोचे धुरंधर अभियंते सुमंत मूळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. १९९८ च्या अखेरीस पिंपरीच्या कारखान्यातून इंडिका निघाली, आणि डिझेलची मोटार शिक्षक, डॉक्टर व दुकानदार यांच्या आवाक्यात आली. या गाड्यांपैकी जीप, ट्रॅक्स व सुमो यांचे आपल्या भागातील खरे कार्यक्षेत्र म्हणजे वडाप. जेथे एस. टी. दिवसातून दोनदा येई, तेथे तासातासाला माणसे, भाजीच्या पाट्या आणि शाळेची पोरे यांना घेऊन धावणारी ही वाहने लाखाच्या पुढे किलोमीटर चालत, आणि त्यांच्या मालकास एक दिवस गाडी उभी राहणे म्हणजे कर्जाचा एक हप्ता बुडणे असे. त्याला नोझल रात्री उतरवून सकाळी पुन्हा रस्त्यावर गाडी आणून देणारा गावातला मेस्त्री हा सावकाराहून अधिक गरजेचा मनुष्य वाटला असल्यास नवल नाही.

परंतु याच काळात नोझलच्या शत्रूंनीही जोर धरला. त्यातला पहिला शत्रू रॉकेल. रेशनवरील रॉकेल डिझेलहून पुष्कळ स्वस्त असे, म्हणून त्यात निळा रंग घालून ते ओळखू येईल अशी तजवीज सरकारने केली. तरीही भेसळ व्हावयाची ती झालीच. आता पंपाचा दट्ट्या आणि नोझलची सुई यांना वंगण घालणारे दुसरे काही नसते. जे डिझेल त्यांच्यातून वाहते तेच त्यांचे वंगण. रॉकेल पातळ व कोरडे. ते मिसळले की दट्ट्यावर ओरखडे उठतात, दाब निसटू लागतो, आणि लिटरमागे वाचविलेल्या रुपयांची हजारपटीने वसुली पंपाच्या दुरुस्तीत होते. दुसरा शत्रू पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की हवेतील ओलाव्याचे आत पाणी होते, ते तळाशी साठते आणि सुईवर गंज चढविते. तिसरा शत्रू आपल्या काळ्या मातीची धूळ. तिच्यापासून रक्षण करणारा एकच, तो म्हणजे वेळेवर बदललेला फिल्टर. जुन्या गाडीच्या इंजेक्टरांचे आयुष्य ठरते ते इंजेक्टरांजवळ नव्हे, तर टाकी व फिल्टर यांच्यापाशी, हे सत्य त्या पिढीच्या मेस्त्रींनी आपल्या ग्राहकांना पुनःपुन्हा सांगितले आहे.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी या साऱ्या व्यवस्थेस कलाटणी मिळाली. धुरावर निर्बंध घालणारे नियम २००० सालापासून क्रमाक्रमाने कडक होत गेले. त्यांपैकी भारत स्टेज चारचा अंमल १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज सहाचा १ एप्रिल २०२० पासून सर्व देशभर झाला. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण २००० साली दशलक्षात अडीच हजार भाग होते, ते भारत स्टेज सहाच्या काळी दहा भागांवर आले. गंधक काढताना इंधनाचे नैसर्गिक वंगणही कमी होते, म्हणून शुद्धीकरण कारखान्यांना त्यात वंगणद्रव्य घालावे लागते. इंजेक्टरही बदलला. १९९७ साली इटलीच्या एका मोटारीतून बाजारात आलेली कॉमन रेल पद्धती आपल्याकडेही रूढ झाली: एका सामाईक नळीत, कमाल तेराशेपासून पुढे दोन हजार बारपर्यंत जाणाऱ्या दाबाखाली इंधन सदैव सज्ज, आणि प्रत्येक इंजेक्टर विजेच्या संकेताने एकाच फेऱ्यात अनेकदा उघडणारा व मिटणारा. पेट्रोलच्या मोटारींतूनही कार्ब्युरेटर निघून गेला आणि त्या जागी विजेवर उघडणारे लहान इंजेक्टर आले. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोलचा डिंकासारखा साका त्यांच्या छिद्रांत बसतो, आणि तो काढण्यासाठी कुंचला निरुपयोगी ठरून श्राव्यातीत ध्वनिलहरींचे स्नानपात्र लागते.

या नव्या इंजेक्टरांपुढे जुन्या टेस्टरचे काही चालत नाही. त्यांची परतगळती, म्हणजे त्यांच्यातून टाकीकडे परत जाणारे इंधन, एकाच वेळी चार बाटल्यांत मोजावी लागते. बसविताना त्यांच्यावर कोरलेला संकेतांक गाडीच्या संगणकात भरावा लागतो. आणि त्यांतल्या सूक्ष्म भागांची दुरुस्ती उघड्या ओट्यावर होऊ शकत नाही. परिणामी ‘साफ करू’ हा शब्द मागे पडून ‘बदलून टाकू’ हा शब्द पुढे आला. हे सर्वस्वी अयोग्य आहे असे मी म्हणणार नाही. सुईची बैठक खचली असेल, छिद्रे झिजून रुंद झाली असतील, अथवा घर निळे पडून पोलादाचा कसच गेला असेल, तर नोझल बदलणे हाच धर्म आहे. जुन्या मेस्त्रींनीही ते बदललेच आहेत, आणि शक्यतो सारे एकत्र, कारण चारांतला एकच नवा असेल तर फवाऱ्यांचे प्रमाण सारखे राहत नाही. परंतु मोजल्यावाचून बदलणे ही मात्र नवी रीत आहे, आणि ती त्या हुन्नराच्या मूळ तत्त्वाविरुद्ध आहे. पुष्कळदा दोष इंजेक्टरात नसतो. तो तुंबलेल्या फिल्टरात, हवा शिरणाऱ्या नळीत, किंवा पुन्हा वापरलेल्या वायसरात असतो, आणि महागडे चार इंजेक्टर बदलूनही धूर तसाच राहतो.

या इतिहासाचा निष्कर्ष मला असा दिसतो. बार्शी-वैरागच्या मुलखास डिझेलच्या इंजिनाने पाणी दिले, वाहतूक दिली, रोजगार दिला, हे तर खरेच. पण त्याने याहून टिकाऊ असे काही दिले असेल तर ती मोजून पाहण्याची सवय होय. अक्षरशत्रू असलेला मेस्त्रीही गेजवरचा काटा वाचीत असे, दहा सेकंद मोजीत असे, आणि आपला अंदाज काट्याशी ताडून पाहिल्यावाचून निर्णय देत नसे. सूक्ष्मतेचा हा संस्कार प्रयोगशाळेतून आला नाही. तो विहिरीच्या काठावरून आणि रस्त्याकडेच्या गॅरेजातून आला. ज्या वृद्ध कारागिरांच्या बोटांत तो अद्याप आहे, त्यांच्याजवळ बसून त्यांची रीत लिहून ठेवण्याचे काम आपल्या औद्योगिक शिक्षणसंस्थांनी आणि तालुक्याच्या इतिहासप्रेमींनी आता तरी हाती घ्यावे. देवळांच्या शिलालेखांची नोंद जितक्या आस्थेने आपण करतो, तितकीच आस्था या विद्येच्या वाट्यास यावी.

आणि ज्यांच्या दारात एखादी जुनी सुमो, इंडिका किंवा जीप आजही उभी आहे, त्या वाचकांना एवढेच सांगणे आहे: टाकी अर्धीच्या खाली जाऊ देऊ नका, फिल्टर वेळच्या वेळी बदला, इंधन खात्रीच्या पंपावरच भरा, आणि इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळेल त्या दिवशी तो आपल्या डोळ्यांदेखत टेस्टरवर चढविण्याचा आग्रह धरा. फवारा पाहा, काटा पाहा, टोक कोरडे राहते की नाही ते पाहा. आणि मगच पैसे मोजा.